नाकसाहेबांनी निवडलेलं मशीन

कॉफीचं मशीन घ्यायला सगळं घर निघालं होतं, पण धास्ती एकट्या आईलाच होती. लेक बाबागाडी ढकलत होती, गाडीत तिची तान्ही झोपली होती, आणि नवरा सगळ्यांच्या पुढे, हात पाठीमागे बांधून, तपासणीला आलेल्या साहेबाच्या ऐटीत चालला होता. आईच्या पर्समध्ये कॉफीची एक पुडी होती. त्या पुडीत तिने काय करून ठेवलंय हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिची तिलाच लाज वाटत होती.

नवरा म्हणजे काही साधी असामी नव्हे, निदान त्याच्या मते तरी. कॉफी भाजण्याच्या कारखान्यात चव पाहण्याच्या कामावर त्याने सगळी नोकरी काढली. चमच्यातला घोट असा सुर्रर्रकन ओढायचा की नवख्या माणसाने दचकावं, मग थुंकायचा आणि एकच शब्द बोलायचा. 'स्वच्छ' म्हणाला की माल पुढे. 'गोणपाट' म्हणाला की पोत्याचा वास लागलाय, सगळा माल परत. बस्स, त्यावर अपील नाही. तिथे त्याला नाकसाहेब म्हणायचे आणि स्वारी त्या नावावर भलतीच खूश. निवृत्त झाला तरी तोरा तोच. नाकावर माशी म्हणून बसू देईल तर शपथ! घरात त्याचा एक कायदा होता, कॉफीच्या डब्याशेजारी दुसरं काही ठेवायचं नाही. का, तर कॉफी शेजारच्याचा वास उचलते. एकदा त्याच्या आईने चुकून तिथे साबणाची वडी ठेवली, तर हा बाबा दोन दिवस तिच्याशी बोलेना. सख्ख्या आईशी! कॉफीवरून!

नात जन्मायच्या आधी त्याला मोठा ताप आला. ताप उतरला, माणूस हिंडूफिरू लागला, पण कुठेतरी काहीतरी बिनसलं होतं. एकदा दूध उतू जाऊन पार कोळसा झालं, घरभर धूर, आणि हा स्वयंपाकघरातच पाठमोरा बसून पेपर वाचतोय. म्हणे लक्ष नव्हतं. ते एक वेळ सोडून दिलं. पण परवा आई कामावरून आली तर दारातच गॅसचा वास नाकात शिरला. बटण चालू, शेगडी विझलेली, आणि नवरा टेबलाशी शब्दकोडं सोडवतोय. ती धावत सुटली, बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या. तर हा म्हणतो, "अगं, गार वारा येतोय, लाव ना ती खिडकी."

"तुमचं नाक ठीक आहे ना हो?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"माझं नाक?" तो असा काही भडकला की विचारू नका. "अगं, या नाकावर घर उभं राहिलंय हे!"

झालं. पुन्हा विचारायची सोय राहिली नाही. आणि सोमवारपासून लेक कामावर रुजू होणार होती. आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात मुकादम, तिचाही दिवस बाहेरच. म्हणजे बाळ दिवसभर एकट्या आजोबांपाशी. त्याने तर या सोमवारची कधीपासून वाट पाहिली होती. पाळण्याची दोरी स्वतः बदलली, बाटल्या उकळायला वेगळं भांडं आणलं, त्याला कुणी हात लावायचा नाही अशी तंबी दिली. आता नुसत्या संशयावरून लेकीला सांगायचं कसं? संशय खोटा निघाला तर हा माणूस जन्मभर तोंड बघणार नाही. आणि खरा असून गप्प बसलं तर? त्या 'तर'च्या पुढे आईला जाववत नव्हतं. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता.

म्हणून तिने कॉफीची पूड धुण्याच्या साबणाबरोबर एका डब्यात घट्ट बंद करून ठेवली. नाक असलेल्या माणसाला लांबूनच कळलं असतं.

दुकानातली मुलगी उत्साही होती. तिने तीन मशीनं दाखवली. एकात पूड दाबून दांडा अडकवायचा. दुसरं दाणे स्वतःच दळायचं. तिसऱ्यात कॉफी भरलेली आयती कुपी टाकायची की झालं.

"कुपी?" नाकसाहेबांनी नाक मुरडलं. "हे म्हणजे औषध झालं."

"बाबा, तुम्ही म्हणाल ते घेऊ," लेक म्हणाली. बाळाला सांभाळणार म्हणून तिची ही भेट होती.

"ती दांड्याची कॉफी चाखून बघू या की," आई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पूड मी घरूनच आणलीय. यांना दुसरी चालत नाही."

मुलीने पुडी उघडली आणि क्षणभर थांबून आईकडे पाहिलं. आईने नजर चुकवली. मशीन घरघरलं, वाफ सुटली, आणि वाफेबरोबर असा काही वास आला की जणू कुणी कपडे भिजत घातलेत.

"ई, आई, हे काय..." लेक म्हणायला लागली. आईने तिचं मनगट इतकं जोरात दाबलं की ती गप्पच झाली.

नाकसाहेबांनी चमचा घेतला. कप नाकाशी नेला, डोळे मिटले, सगळं अगदी रिवाजाप्रमाणे. सुर्रर्र! पलीकडचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. तो कागदी पेल्यात थुंकला. 'साबण म्हणा हो,' आई मनात विनवत होती. 'ओरडा माझ्यावर. चारचौघांत माझी शोभा करा. पण साबण म्हणा.'

"स्वच्छ," तो म्हणाला.

दुकानातल्या मुलीला बिचारीला काय माहीत! ती फिसकन हसली. "काका, काय हे! साबणाचा केवढा वास येतोय!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. पण क्षणभरच. लगेच तोही मोठ्याने हसला. "मग! मला काय कळलं नाही होय? गंमत केली तुमची."

"बाबा पण ना!" लेकीला हायसं वाटलं. "घाबरवलंत की."

आईला मात्र रडूच फुटायचं बाकी होतं. या माणसाने आयुष्यात कशाकशाची थट्टा केली असेल, पण 'स्वच्छ' या शब्दाची कधीच नाही. तो धडधडीत खोटं बोलत होता, आणि लेक ते खरं धरून चालली होती. आता गप्प बसणं म्हणजे आपल्या हाताने बाळाला त्या स्वयंपाकघरात सोडणं. पण सगळ्यांसमोर त्याला खोटं पाडायला तिची जीभ रेटेना. शेवटी ती दुकानातल्या मुलीकडे वळली.

"यातलं विसरलं तर आपोआप बंद होणारं कोणतं गं?"

नवऱ्याने झटकन तिच्याकडे पाहिलं. मग पुडीकडे. मग पुन्हा तिच्याकडे. सगळं त्याच्या ध्यानात आलं होतं. आईला वाटलं, आता हा दुकान डोक्यावर घेणार. तिने पर्स छातीशी धरली.

"ते कुपीचं," मुलगी म्हणाली. "ते आपलं आपण बंद होतं."

"तेच बांधा," तो म्हणाला.

"बाबा? तुम्ही आत्ताच तर त्याला औषध म्हणालात."

"गंमत नव्हती केली मी." तो लेकीकडे न बघता बोलत होता. "मला वास येत नाही. तो ताप आला ना, तेव्हापासून. कसलाच येत नाही. परवा गॅस चालू राहिला होता, तोही नाही आला. सोमवारी बाळाला माझ्याकडे एकटं ठेवू नकोस. कुणीतरी नाक असलेलं माणूस लागेल घरात."

लेकीने आधी आईकडे पाहिलं. "गॅस? आई, तुला माहीत होतं? आणि कुणी मला सांगितलं नाही?" तिचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. तिने फोन काढला आणि सोमवारी येत नाही असं कामावर कळवून टाकलं. पुढचं पुढे बघू, म्हणाली. मग काउंटरला टेकून उभी राहिली. बापावर रागवावं की त्याला जवळ घ्यावं, तिला कळेना.

"घरी विचारायचं होतंस," नवरा आईला हळूच म्हणाला.

"विचारलं होतं. काय म्हणालात आठवतंय? अजून एकदा विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?"

"नाही," तो म्हणाला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "असं चारचौघांत नको होतं करायला."

त्याने मान हलवली. चुकलं म्हणायची की राहू दे म्हणायची, देव जाणे. दुकानातली मुलगी खोकं आणायला आत पळाली. एवढ्या गडबडीत बाळ जागं झालं आणि कुरकुरायला लागलं. त्याने नातीला उचललं, खांद्याशी धरलं, सवयीने तिच्या टाळूवर नाक टेकवलं आणि तसाच उभा राहिला.

"अगं," तो म्हणाला, "हिचा वास कसा आहे?"

"काय?"

"सगळी म्हणतात ना, तान्ह्या बाळाच्या टाळूला वास असतो. आपल्या लेकीच्या वेळी मी घेतलाय. पण ही झाली तेव्हा माझं नाक गेलेलं होतं. हिला मी कधी हुंगलंच नाहीये." त्याने बाळाला आईपुढे धरलं. "बघ ना. नीट बघ आणि सांग मला."

आईने वाकून टाळूवर नाक टेकवलं. इस्पितळात आयुष्यभर चादरी धुतलेली बाई ती, तिच्यापाशी असले शब्द कुठून असणार? "दुधाचा आहे," ती म्हणाली. "थोडा घामाचा."

"दूध ताजं की तापवलेलं?"

तिने पुन्हा वाकून पाहिलं. "तापवलेलं. निवलेलं."

"आणि घाम? आंबट आहे?"

"नाही हो. गोडसर आहे."

"गोडसर म्हणजे कसा?" तो विचारत होता. "घाई करू नकोस. पुन्हा बघ."