रांगेतला दहा नंबर

आधीच सांगते, असल्या अजब गोष्टींची टिंगल करणाऱ्यांत माझा पहिला नंबर लागतो. हॉस्टेलवर मुली असलं काही सांगायला लागल्या की मी मध्येच विचारते, "साक्षीदार कोण? उजेड होता का?" झालं, सगळ्यांचा मूड जातो. पण या गोष्टीत उजेड भरपूर होता, साक्षीदारही होते आणि त्यातली एक मीच... त्यामुळे पंचाईत झाली आहे.

मी चंद्रपूरला क्रिमिनल जस्टिसमध्ये बी.ए. करते, दुसरं वर्ष. गुन्हा, तपास, कोर्ट, तुरुंग, सगळंच शिकवतात आणि मला ते भयंकर आवडतं. गावात मात्र प्रत्येक जण एकच विचारतो, "म्हंजे पोलीस बनशीन का?" बाबांना मी नर्सिंग करायला हवं होतं. तेव्हा माझ्या बाजूनं एकटी मोठीमाय उभी राहिली. मोठीमाय म्हणजे माझी मोठी काकू. "तिची अक्कल जिथी चालते तिथीच जाऊ द्या न तिले," असं तिनं बाबांना भर अंगणात सुनावलं. मी आज जी कोणी आहे ती तिच्यामुळे आहे.

आमचं गाव मूल आणि पोंभुर्ण्याच्या मधे. धानाची शेती, तलावातले मासे आणि उन्हाळा लागला की मोहफुलं. फुलं पहाटे गळतात, म्हणून बाया उजाडता उजाडता जंगलात जातात. मी सुट्टीत घरी होते. त्या दिवशी मोठीमाय पाच-सहा जणींसोबत गेली, आणि बाकीच्या परत आल्या तरी ती आली नाही. त्यांना वाटलं ती पुढे निघाली असेल. तिची टोपली मात्र मोहाच्या झाडाखाली तशीच होती, अर्धी भरलेली.

आमच्याकडे अशा वेळी सगळ्यांच्या मनात एकच नाव येतं आणि ते कोणी उच्चारत नाही. पट्टेवाल्याचं, म्हणजे वाघाचं. वनखात्याला फोन केला, ते लोक दूर कुठेतरी अडकले होते. ऊन तर असं चढत होतं की उभं राहवेना. मोठीमायला बीपीचा त्रास, तिच्याजवळ पाणीही नव्हतं. सुरेशदादा, म्हणजे तिचा मुलगा, वेड्यासारखा जंगलात घुसायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "थांब. रांग लावून शोधू."

खरं सांगू? घाबरले होते, पण डोकं एकदम चालू लागलं होतं. आठवडाभरापूर्वीच सरांनी आम्हाला मैदानावर रांगेनं शोध घ्यायचं प्रॅक्टिकल दिलं होतं. एका सरळ रेषेत चालायचं, मधे जागा सुटू द्यायची नाही आणि टोकाचा माणूस भरकटला तर पूर्ण रांग त्याच्याकडे सरकवायची, कारण रांग तुटली की शोध वाया. हे वाक्य सरांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं.

आम्ही नऊ जण होतो. बाबा डाव्या टोकाला, मी मधे, सुरेशदादा उजव्या टोकाला. आमच्या गावात जंगलात कोणाला नावानं हाक मारत नाहीत, म्हणून मी नंबर वाटले. थोडं चाललं की प्रत्येकानं ओरडून आपला नंबर सांगायचा. बाबा एक, मी पाच, सुरेशदादा नऊ. काठ्या झाडांवर आपटत आम्ही त्या मोहाच्या झाडापासून निघालो, तलावाच्या बांधाच्या दिशेनं. ती तिकडून घरी यायला निघाली असेल, असा सगळ्यांचा अंदाज होता.

पहिल्या वेळी नंबर नीट आले. दुसऱ्या वेळी "नऊ" झालं आणि त्याच्या पलीकडून आवाज आला, "दहा."

मला तर आनंदच झाला. वाटलं, मागून कोणीतरी मदतीला आलं. पुढच्या वेळी पुन्हा "दहा", पण जरा लांबून, उजवीकडच्या बांबूंतून. मी ओरडले, "दहा नंबर, लाईनमध्ये या." उत्तर नाही. मग मात्र माझं टाळकं सरकलं. इथे जीव टांगणीला लागलाय आणि याला शिस्त नाही. मी अख्खी रांग उजवीकडे सरकवली.

बाबा तिकडून ओरडले, "इकडे काऊन फिरवून राह्यली? ते बांधाकडे गेली असन."

"लाईन तुटते बाबा, सरका," मी म्हणाले.

पुढच्या वेळी "दहा" आणखी उजवीकडून आलं. मी पुन्हा रांग सरकवली. बाबा बडबडत होते, माझा घसा बसला होता, पण रांग सरळ ठेवायचीच, एवढंच डोक्यात. आणि तेवढ्यात सुरेशदादाचा आवाज आला... नंबर नव्हता तो. "माय" म्हणाला तो फक्त.

बांबूंच्या मागे कोरडा नाला होता. त्याच्या तळाशी मोठीमाय पडली होती. पाय वाकडा झालेला, डोक्याला खोक पडलेली, शुद्ध नाही. पण छाती हलत होती. मी रडत होते, हसत होते आणि बाटलीतल्या पाण्यानं दुपट्टा ओला करून तिच्या कपाळावर ठेवत होते, सगळं एकाच वेळी. बांधाकडे गेलो असतो तर या नाल्यापर्यंत आम्ही संध्याकाळपर्यंत पोचलो नसतो.

दोन बांबूंना शेले बांधून झोळी केली. निघताना मी विचारलं, "दहा नंबर कुठी आहे? त्यालेही बोलवा."

सुरेशदादा म्हणाला, "मले तर दिसलाच नाई कोणी. मी म्हटलं, तूच कोणाले तरी उभं केलं असन."

मी कोणालाच उभं केलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जेवढे गावातून निघालो, तेवढेच होतो.

परतताना कोणी मागे राहू नये म्हणून मी पुन्हा नंबर घ्यायला लावले. एक, दोन, तीन... नऊपर्यंत आले. आणि मग कोणी न सांगता सगळे थांबले. झोळी धरलेलेही थांबले. पानसुद्धा हलत नव्हतं.

झोळीतून अगदी बारीक आवाज आला, "दहा."

मोठीमायनं डोळे उघडले होते.

आधी मूलला, मग चंद्रपूरला नेलं. पायात रॉड बसला, आता ती काठी घेऊन चालते आणि मला कामं सांगते. मी मात्र सोडते का? सगळ्यांचे वेगवेगळे जबाब घेतले, शिकवलंय तसे. "दहा" सगळ्यांनी ऐकलं. बाबा म्हणतात आवाज पुरुषाचा होता, सुरेशदादा म्हणतो बाईचा. प्रतिध्वनी म्हणावा तर तो "नऊ" म्हणून परत आला असता. तो मोठीमायचाही नव्हता, ती तर बेशुद्ध होती, आणि असती शुद्धीत तरी एका जागी पडलेल्या माणसाचा आवाज पुढे पुढे कसा सरकेल? कॉलेजला सरांना सांगितलं. ते म्हणाले, "निष्कर्षाची जागा कोरी ठेव." ती कोरीच आहे.

शेवटी मी मोठीमायलाच विचारलं, "तू दहा काऊन म्हटलं? तुले आमचे नंबर ऐकू येत होते का?"

"मले काही आठवत नाई वो," ती म्हणाली. "डोळे उघडले तं तुम्ही सारे कोणाची तरी वाट पाहून राह्यले होते. मले वाटलं, माहीच पाहत असान."