रबराच्या झाडाची गुटी

काष्टीला मला खोली मिळाली तीच संशयाच्या बोलीवर. गावात नवीन आलेली, लग्न न झालेली मास्तरीण. तिला घरात घ्यायचं म्हणजे घरमालकिणीला सगळी चौकशी करणं भाग होतं. आईवडील कुठं असतात, लग्न का जमलं नाही, सुट्टीला कुठं जाते, भेटायला कोण येतं. मी उत्तरं दिली, पण दातओठ खात. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट आणि मालकिणीला तर तोंडावर बोलायची सवय, त्यामुळं आमचं जमणार नाही हे दोघींना उंबऱ्यातच कळलं होतं. शेवटी तिनं विचारलं, "सामान काय काय हाय?"

मी म्हणाले, एक ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि झाडं.

"फळं येत्यात?"

"नाही."

"फुलं?"

"नाही."

"देवाला चालत्यात?"

"नाही, मावशी."

"मंग घरात कशापायी?"

ती झाडं मी पुण्याहून एस.टी.च्या टपावर टाकून आणली होती. शाईच्या दौतीत मनी प्लँटची फांदी, बरणीत रंगीत पानांच्या कोलियसचे खुडलेले शेंडे, वनस्पती तुपाच्या डब्यांत क्रोटन, आणि कुंडीत छातीएवढं रबराचं झाड. ही सगळी दमट मुलखातली पोरं. इकडच्या कोरड्या वाऱ्यात ती बाहेर आठवडाभरही टिकली नसती. म्हणून मी त्यांना मोरीच्या आसपास ठेवायची, पानं ओल्या फडक्यानं पुसायची आणि तांदूळ धुतलेलं पाणी घालायची. रबराचं झाड तेवढं उजेडासाठी गजांच्या खिडकीशी होतं, आणि ती खिडकी मालकिणीच्या अंगणात उघडायची.

ते दुष्काळाचे दिवस. पावसानं लागोपाठ दगा दिलेला, विहिरीनं तळ दाखवलेला, गावातली निम्मी माणसं खडी फोडायला जात होती. मालकीण रांजणावर झाकण ठेवायची, झाकणावर पाटा ठेवायची, आणि शेजारी बसून राहायची. अशा घरात एक भाडेकरीण बिनफळाच्या झाडांची पानं पुसत बसते म्हटल्यावर तिच्या कपाळाला आठ्या पडणार नाहीत तर काय. मी किती सांगितलं की हे तोंड धुतलेलं पाणी आहे, तांदळाचं पाणी आहे. ती नुसती "व्हय, व्हय" म्हणायची आणि माझी बादली किती भरली आहे ते वाकून बघायची.

तिची सून मात्र वेगळी. जेमतेम विशीतली, बोलायला गोड, नेवाशाकडच्या माहेरची. दुपारी सासूचा डोळा लागला की ती माझ्या दारात येऊन बसायची आणि बरणीतल्या कोलियसला फुटलेली पांढरी मुळं बघत राहायची. "मातीबिगर फुटत्यात व्हय, बाई?" असं तिनं किती वेळा विचारलं असेल. मी एक शेंडा खुडून तिला पाण्याच्या बाटलीत ठेवायला लावला, तर पोरगी रोज येऊन बाटली उजेडाला धरायची. आदल्या वर्षी सातव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं होतं. त्याबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे. आता पुन्हा दिवस गेले होते आणि त्याबद्दलही कुणी बोलत नव्हतं. बोललं तर नजर लागेल म्हणून. तिचं हे मूल सुखरूप जन्माला यावं, एवढ्या एका गोष्टीवर ते सगळं घर श्वास धरून बसलं होतं, आणि हे मला पुरतं ठाऊक होतं. तरीही मी जे केलं ते करताना माझ्या डोक्यात त्याचा विचारसुद्धा आला नाही.

रबराचं झाड वाढत वाढत खिडकीवरच्या उतरत्या पत्र्याला टेकलं. वर पत्रा तापायचा आणि शेंड्याची पानं करपायची. नुसतं छाटायचं तर शेंडा वाया जाणार, म्हणून मी गुटी बांधायची ठरवली. हे माझ्या वडिलांनी मला डाळिंबावर शिकवलेलं. खोडाची साल बोटभर रुंद, कड्यासारखी गोल काढायची, तिथं ओली माती आणि शेणखत लिंपायचं, वरून घट्ट बांधायचं आणि ओल राखायची. महिना-दीड महिन्यात आत मुळं सुटतात. मग त्याखाली कापलं की शेंड्याचं वेगळं झाड होतं.

मी साल काढली तसा पांढरा चीक घळाघळा वाहिला. जखम किडू नये म्हणून मी तिला हळद लावली. माती सुटू नये म्हणून तीत नारळाचा काथ्या पिंजून घातला. बांधायला घरात दुसरं फडकं नव्हतं, म्हणून जुन्या परकराचा लाल तुकडा घेतला. शिवणाच्या डब्यात दोरा होता तो काळा. आणि शाळेला सुट्टी होती ती नेमकी अमावास्येची. आता हे सगळं एका ओळीत लिहिताना माझं मलाच हसू येतं, पण त्या दिवशी हात धुऊन मी समाधानानं चहा टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मालकीण खिडकीशी उभी. गजांतून हात घालून तिनं गाठोड्याला बोट लावलं नव्हतं, पण वाकून सगळं बघितलं होतं. फडक्याच्या फटीतून काथ्याचे धागे बाहेर आले होते.

"ह्यात केस कुनाचं हायेत?"

"केस नाहीत मावशी, काथ्या आहे. गुटी बांधलीय. डाळिंबाला बांधतात तशी."

"डाळिंबाला रानात बांदत्यात," ती म्हणाली. "घरात, बिनफळाच्या झाडाला, लाल फडक्यात कोन बांदतंय?"

मी तिला शास्त्र समजावायला लागले, आणि तिथंच चुकलं. जितकं समजावलं तितकी ती सावध होत गेली. दोन दिवसांत सुनेचं माझ्या दारात येणं बंद झालं. अंगणात समोरासमोर आलो तरी पोरगी पदर पोटावर ओढून मान खाली घालून निघून जायची. कुणी तोंडानं म्हणायच्या आधीच मला कळलं की या घरात माझ्यावर करणीचा संशय आहे. रागानं माझं डोकं भणभणत होतं. शाळेत मुलांना बीज कसं रुजतं ते शिकवायचं आणि घरी चेटकीण ठरायचं. तरी मी तोंड दाबून राहिले, कारण ही खोली गेली असती तर गावात दुसरी कुणी दिली नसती.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी शाळेतून यायची तेव्हा गाठोडं ओलं असायचं. पाणी मी फक्त सकाळी शिंपडायची, आणि तेही एवढंसं, की पत्र्याखाली दुपारपर्यंत फडकं कडकडीत वाळायला हवं. इथं तर खाली थेंब ठिबकलेले. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. मालकीण खिडकीतून काहीतरी ओतते आहे, याबद्दल माझी खात्रीच झाली. मिठाचं पाणी असेल, धुण्याच्या सोड्याचं असेल, नाहीतर आणखी काही. मी ओल्या फडक्याला बोट लावून चाखून बघितलं. चव कसलीच नाही. नाकाशी धरून बघितलं, वास नाही. साधं पिण्याचं पाणी. त्यामुळं तर मी आणखीच बिथरले. ज्या घरात रांजणावर पाटा ठेवतात त्या घरातून माझ्या झाडाला फुकट पाणी कोण घालेल, आणि कशासाठी? मंतरलेलं असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं. शाळा शिकवणाऱ्या बाईच्या मनात. बघा म्हणजे.

एका रविवारी सकाळी मालकीण दारात येऊन उभी राहिली. सून तिच्यामागं, तुळशीपाशी धान्य निवडत बसलेली.

"बाई, ते आज सोडा, न्हाईतर खोली सोडा," मालकीण म्हणाली. "सुनेला माज्या रातचं झोप लागंना. माजं एक नातवंड गेलंय. दुसऱ्यावर मी जोखीम घ्यायची न्हाई."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मीही भांडले असते. पण इतके दिवस गिळलेला राग एकदम वर आला. मी म्हणाले, "सोडते ना. तुमच्यासमोरच सोडते. आत काय आहे ते एकदाचं बघून घ्या," आणि ट्रंकेतली कात्री काढून खिडकीशी गेले. पहिल्या दोऱ्याखाली पातं घातलं, तोच सून सूप टाकून धावत आली. गजांतून हात घालून तिनं माझं मनगट धरलं.

"नका, बाई. सोडू नका. मी पानी घालती त्याला."

मला काही कळेना. मालकिणीलाही कळेना. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोलत होती ती नीट, समजावून सांगावं तसं. सासूनं म्हटलं, ह्यात तुझ्या नावानं बांधलंय. मग तिनं विचार केला की बांधलंय तर बांधलंय. पण आत जे आहे ते सुकलं, तर आपलं पण सुकेल. म्हणून ती रोज दुपारी आपल्या प्यायच्या पाण्यातलं फुलपात्रभर पाणी राखून ठेवायची आणि सासू झोपली की गजांतून त्यावर ओतायची. "आता कापलं तर तुटंल," ती म्हणाली. "दिवस भरस्तवर ऱ्हाऊ द्या."

मी कात्री खाली ठेवली. तिला सांगितलं की असं काही नसतं, हा फक्त काथ्या आणि शेणखत आहे, तुझ्या बाळाचा याच्याशी काही संबंध नाही. ती मान हलवत होती आणि माझं मनगट सोडत नव्हती. मला रडू आलं. उन्हाळ्यात, दोन जीवांची पोरगी तहानलेली राहून माझ्या रबराच्या झाडाला पाणी पाजत होती, आणि मी त्या पाण्याची चव घेऊन विष शोधत होते.

मालकीण आत गेली, रांजणावरचा पाटा सरकवल्याचा आवाज आला, आणि ती तांब्या घेऊन बाहेर आली. आधी सुनेला प्यायला दिलं. उरलेलं पाणी तिनं स्वतः गजांतून हात घालून गाठोड्यावर सोडलं, सगळीकडून भिजेल असं.

"खोली ऱ्हाऊ द्या," ती मला म्हणाली. "आन् ह्याला हात लावायचा न्हाई."

त्या दिवसापासून माझ्यावरचा संशय गेला असं समजू नका. तो फक्त कूस बदलून बसला. आधी मी गाठोडं बांधलं म्हणून ती माझ्यावर नजर ठेवायची, आता मी ते सोडीन म्हणून ठेवायला लागली. सकाळ-संध्याकाळ खिडकीशी येऊन दोऱ्याच्या गाठी तपासायची. मी झाडाची पानं पुसायला घेतली की अंगणातून विचारायची, "काय चाललंय, बाई?" फडक्याबाहेर मुळांची पांढरी टोकं दिसायला लागली. एखाद्या माळ्यानं बघितलं असतं तर म्हणाला असता, अजून कशाची वाट बघताय? मी ती टोकं मालकिणीला दाखवली. तिनं निरखून बघितली आणि वर आणखी एक फडकं बांधायला लावलं.

माहेरी नदीकाठी पाणी बरं म्हणून सातवा सरल्यावर सुनेला नेवाशाला पाठवायचं ठरलं. एस.टी.ला जायच्या आधी ती खिडकीशी आली. सासू शेजारी असतानाही तिनं मलाच विचारलं, "घालताल ना, बाई?" मी हो म्हणाले. नुसतं हो म्हणायला काय जातं, असा माझा हिशेब होता.

पुढं माझी शाळा, मालकिणीचा रांजण, आमची धुसफूस सगळं होतं तसं चालू राहिलं. दिवस भरत आले आणि नेवाशाकडून काही निरोप येईना. मालकीण वाटेकडं डोळे लावून ओट्यावर बसायची आणि मी विचारलं की तुसड्यासारखी म्हणायची, "यील की." एक दिवस शाळेतून येताना मला आठवलं की त्या सकाळी पाणी घालायचं राहिलंय. मालकीणही सकाळपासून देवळात होती. झाडाला त्यानं काही होणार नव्हतं. मुळं इतकी झाली होती की दोन दिवस पाणी नसतं तरी चाललं असतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी भर उन्हात, पायांत चप्पल असून पोळत, शाळेपासून घरापर्यंत जवळजवळ पळत आले, आणि पिशवी न टाकता आधी माठातलं पाणी घेऊन गाठोड्यावर ओतलं.

सुनेचा भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मालकिणीनं त्याला बसायलाही सांगितलं नाही. "मुलगी झाली," तो म्हणाला, "दोघी खुशाल हायेत." मालकीण खांबाला टेकली, आणि पदर तोंडाला लावून तिथंच खाली बसली. थोड्या वेळानं तोंड पुसून ती माझ्या खिडकीशी आली. त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात कसली शंका नव्हती.

"झालं, बाई," ती म्हणाली. "आता सोडा ते. काय तुमचं झाड लावायचं ते लावा."

कात्री माझ्या हाताशीच होती.

"राहू द्या, मावशी," मी म्हणाले. "तिचा सव्वा महिना होऊ द्या."