भावाच्या वह्यांचा रुमाल

माझा थोरला भाऊ पुण्यात सरकारी नोकरीत होता. मावळातले झरे हिंडून बघायचे, कुठल्या महिन्यात किती पाणी आहे ते लिहायचं, हे त्याचं काम. तो वारला तेव्हा महायुद्ध चालू होतं. सामानातून माझ्या वाट्याला त्याच्या सात वह्या आल्या. मी लोणावळ्यात मुलींच्या शाळेत शिकवायची, एकटीच राहायची. वह्या पत्र्याच्या पेटीत घातल्या आणि कुलूप लावलं.

पावसाळा सरल्यावर पेटी उघडली तर आत बुरशीचा वास. पानं एकमेकांना चिकटलेली. त्यातली एक वही घेऊन मी वडगावला गेले. तिथल्या कचेरीत जुनी दप्तरं सांभाळणारे एक वयस्क कारकून होते. त्यांनी वही हुंगली.

"पत्र्याची पेटी होती ना, बाई? आपल्याकडच्या हवेत पत्र्याला आतून घाम येतो."

"मग लाकडी करून घेऊ?"

"नव्या लाकडाचा चीक कागदाला लागतो. त्यापेक्षा आमच्या दप्तरांसारख्या रुमालात बांधा. वर-खाली जुन्या फळ्या, सुती कापड. खळ मात्र धुऊन काढा, खळीला कसरीची कीड लागते. आत वेखंड ठेवा." मग म्हणाले, "हे वाचणारं आहे का कुणी?"

"नाही."

"मग तुम्हीच मधूनमधून उघडत जा."

कापड मिळायची मारामार होती. माझंच एक जुनं लुगडं उकळून घेतलं. रोज शाळेतून आले की बांबूच्या कामटीने एकेक पान सोडवायचं, मध्ये टिपकागद ठेवायचा.

पाचव्या वहीत ते पान निघालं. 'मुक्काम मळवली.' तीन दिवसांच्या नोंदी, घागर भरायला लागलेल्या वेळासकट. तारखा दिवाळीच्या होत्या. त्या वर्षी त्याचं कार्ड आलं होतं, कामामुळे पुण्याबाहेर पडता येत नाही म्हणून. भाऊबीजेला मी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं होतं. मळवली लोणावळ्यापासून एकच स्टेशन.

मी वही मिटून बसून राहिले. त्या दिवशी चूल पेटवली नाही. पुढची-मागची पानं पुन्हा पुन्हा पाहिली, पण पाण्याखेरीज कशाचीच नोंद नव्हती. आमचं कधी भांडणही झालेलं नव्हतं. विचारणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी उरलेली पानं सोडवली. सगळ्या वह्या आठवडाभर सावलीत वाळवल्या आणि रुमाल बांधला. ती पाचवी वही मधोमध ठेवली. ओल बाहेरच्या वह्यांना आधी लागते.