जॅकेटमधला कॅप्टन

माझ्या खोलीत तो कुठलं पाऊल आधी टाकतो, त्यावरून या वेळी कुठला पाय गेलाय ते मला कळायचं. चांगला पाय आधी आत यायचा आणि दुसरा त्याच्यामागून, लग्नाला उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा ओशाळलेला. मग तो दाराच्या चौकटीला टेकायचा आणि मी काही विचारायच्या आत सांगायचा, "नव्वद टक्के, डॉक."

घोटा नारळाएवढा सुजलेला असो, गुडघा वाकत नसो, त्याचं आपलं नव्वद टक्के. उरलेल्या दहा टक्क्यांत एवढं सगळं कसं मावतं, हे मला कधी कळलं नाही.

आणि मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. ज्या देशात लोक दारावरच्या घंटेशेजारीसुद्धा आपली डॉक्टरकी लिहून ठेवतात, तिथे फुकटची पदवी अंगावर घेऊ नये, असं मी त्याला बजावलं होतं.

"बरोबर आहे, डॉक," तो म्हणाला.

आठवडाभर मी कोलोनमधल्या एका प्राक्सिसमध्ये, म्हणजे खासगी दवाखान्यात, निवृत्त मंडळींच्या पाठी आणि खांदे सांभाळते. शनिवारी मात्र ऱ्हाईन ओलांडून एका फुटबॉल क्लबात जाते. कोलोनचे जुने लोक नदीच्या त्या काठाला तिरळी बाजू म्हणतात, आणि क्लबचं मैदान पाहिलं की ते पटतं. क्लब चौथ्या पातळीच्या लीगमधला. प्रेक्षकांच्या गॅलरीखाली माझी खोली आहे. एक टेबल, बर्फासाठी एक फ्रीज, खिडकी नाही. हा इंग्लिश माणूस त्या क्लबचा कर्णधार होता, मधल्या फळीत खेळायचा, आणि मैदानापेक्षा जास्त त्या टेबलावर असायचा.

गाव इंग्लंडच्या उत्तरेकडचं, बंद पडलेल्या कापडगिरण्यांचं. शाळकरी वयातच एका बड्या क्लबाने त्याला उचललं. सतराव्या वर्षी वर्तमानपत्रांनी त्याला देशाचा भावी कर्णधार ठरवून टाकलं. वर्तमानपत्रांचं बरं असतं, त्यांना भविष्य सांगायला गुडघे लागत नाहीत. पुढच्याच वर्षी याचा गुडघा गेला. मग दुसरा क्लब आणि घोटा. तिसरा क्लब आणि मांडी. मग समुद्र ओलांडून जर्मनीतली दुसरी पातळी, मग तिसरी, मग आम्ही. त्याचं चरित्र कुणाला लिहायचं असेल तर कागदपत्रं धुंडाळायला नकोत. त्याला टेबलावर पालथं झोपवावं आणि टाचेपासून वर वाचत जावं.

शोकांतिकेचा नायक निदान शेवटच्या अंकापर्यंत उभा असतो. हा पहिल्याच अंकात पडला, आणि पुढचे सगळे अंक उठण्यात गेले.

कर्णधार नेमायला दंडावरची एक पट्टी पुरते. पण आमचे अध्यक्ष गालिच्यांचे व्यापारी, आणि त्यांना समारंभाची हौस. त्यांनी सभागृह घेतलं, मंच उभारला, दोन तुतारीवाले आणले आणि मंचाच्या पायऱ्यांवर आपल्याच दुकानातला लाल गालिचा अंथरला. नेतृत्व म्हणजे काय, यावर ते इतकं बोलले की तुतारीवाले बाहेर जाऊन सिगारेट ओढून आले. हा खुर्चीत बसून गुडघा हलवत होता, शिवणयंत्राच्या पेडलसारखा. शेवटी अध्यक्षांनी "आपल्या क्लबाचं खंबीर पाऊल" असं म्हणून त्याला मंचावरून खाली सोडलं, आणि तेच पाऊल गालिच्याच्या कडेत अडकून मुरगळलं.

मी धावले. "नव्वद टक्के," तो जमिनीवरून म्हणाला.

कर्णधार म्हणून पहिला सामना त्याने जॅकेट घालून पाहिला. जखमी खेळाडू बाहेर बसताना क्लबचं गुडघ्यापर्यंत येणारं जाड जॅकेट घालतात. बाकीच्यांची जॅकेटं वर्षानुवर्षं नवीकोरी असायची. याच्या जॅकेटाची कोपरं विरली होती.

बाहेर बसताना म्हटलं खरं, पण बसणं त्याला जमत नसे. तो रेषेच्या कडेने येरझारा घालायचा, ओरडायचा, हातवारे करायचा. एकदा पंचांनी जॅकेटातल्या माणसाला पिवळं कार्ड दाखवलं आणि मग कुंपणाबाहेर काढलं. तो कुंपणापलीकडे सॉसेजच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. गाडीवाल्याचा आवाज याच्यापेक्षा मोठा होता. मग हा हळूच सांगायचा आणि गाडीवाला गर्जायचा. "डावीकडे सरका! मागे माणूस आहे! आणि आपल्याला मोहरी लावू का?" आमच्या बचावफळीने त्या दिवशी हुकूम अगदी चोख पाळले. पण त्याच्या त्या येरझारांनी माझाही जीव थाऱ्यावर राहत नसे. मी मैदानाकडे बघायचं सोडून त्याच्या चालीकडे बघत बसायची. आत्ता लंगडला का? की मला भास झाला?

माझ्या सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. घरी बसून कंटाळतात म्हणून मी त्यांना शनिवारी बरोबर नेलं. शाल, कानटोपी आणि चहाचा थर्मास घेऊन त्या गॅलरीत बसल्या.

"अगं, हा उंच कोण? सारख्या येरझारा घालतोय."

"आमचा कॅप्टन आहे, आई."

"मग खेळत का नाही?"

"पाय दुखावलाय."

"आणि मागच्या शनिवारी?"

"तेव्हा दुसरा पाय होता."

सासूबाईंनी थर्मासचं झाकण लावलं. "दोनच आहेत ना त्याला?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी आंबेहळद उगाळून स्टीलच्या डब्यात लेप करून आणला. मी म्हटलं, अहो आई, इथे असं चालत नाही. त्या म्हणाल्या, "तुझं शिक्षण राहू दे बाजूला," आणि थेट त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी. त्याने मुकाट्याने मोजा खाली केला. सूज उतरली हे खरं. बर्फाने उतरली असं मी म्हणते, सासूबाई म्हणत नाहीत. पण त्याने तो लेप सामन्याच्या सकाळीही लावला आणि पांढरा मोजा पिवळाधमक झाला. पंच नियमावर बोट ठेवणारे. मोज्यावरच्या टेपचा रंग मोज्याचाच हवा, हा नियम आहे. मोजा आता पांढरा मानायचा की पिवळा, यावर दोन्ही संघ खोळंबून राहिले. शेवटी कुणीतरी मोजा दिला, तो आखूड निघाला.

"आईंना सांग, घोटा उत्तम आहे," तो मला म्हणाला. "फक्त मोजा जखमी झालाय."

आमच्या संघात एक रीत आहे. दुखापतीतून परत आलेल्याने ड्रेसिंग रूममध्ये बिअरचा क्रेट आणायचा. शहाणी माणसं सामना सुखरूप पार पडल्यावर आणतात. हा आदल्या दिवशीच आणून ठेवायचा. कित्येकदा असं झालं की क्रेट पोचला आणि हा सकाळच्या सरावात पुन्हा जायबंदी झाला. पोरं तरीही प्यायची, त्याच्या प्रकृतीसाठी.

मग अशा माणसाला कर्णधार का ठेवलं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारायची, पहिल्यांदा त्याला खेळताना पाहीपर्यंत. त्याच्याकडे वेग उरला नव्हता. पण चेंडू यायच्या आधी तो दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यायचा, आणि चेंडू आला की तो कुठे जाणार हे ठरलेलं असायचं. तो मैदानात असला की बाकीचे दहा जण हळू श्वास घ्यायला लागायचे. इतर वेळी सगळ्या जगाला अस्वस्थ करणारा हा माणूस तिथे मात्र दुसऱ्यांना शांत करायचा.

एकदा हिवाळ्यात टेबलावर पडल्या पडल्या त्याने फोनवर मला फोटो दाखवले. चषकाचे अंतिम सामने, वरच्या लीगमध्ये गेल्याचे जल्लोष, वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या रंगांचे संघ.

"बघ. सगळे चिखलात माखलेत," तो म्हणाला. "आणि हा कडेला कोरडा कोण?"

प्रत्येक फोटोत तो होता. प्रत्येक फोटोत जॅकेट होतं.

"ज्या सामन्यावर काही ठरतं, असा एकही मी खेळलेलो नाही, डॉक. एकही. लोक हात मिळवून म्हणतात, यात तुझाही वाटा आहे. असतो. पाहुण्यालाही जेवणात वाटा असतोच."

मी बर्फाची पिशवी बदलली.

गेल्या मोसमात तसा सामना आमच्याही वाट्याला आला. शेवटचा शनिवार. बरोबरी झाली तर लीगमध्ये राहणार, हरलो तर खाली. त्याचा करार तिथेच संपत होता आणि तो इंग्लंडला परत जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे त्याच्यासाठी तो तसा शेवटचाच सामना. आणि मांडीच्या मागचा स्नायू दोन आठवड्यांपूर्वी पुन्हा फाटला होता.

त्या आठवड्यात मी गुरुवारीही क्लबात गेले आणि त्याला एका पायावर उड्या मारायला लावल्या. प्रशिक्षक दारात हाताची घडी घालून उभे.

"आल्झो, मग?" त्यांनी विचारलं. "कसा आहे पाय?"

मी ठरलेल्या उत्तराची वाट बघत होते. तो भिंतीला धरून उभा होता, घाम पुसत.

"माहीत नाही," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा पायाबद्दल खरं सांगितलं, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. प्रशिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. नियमाने मी नाही म्हणायला हवं होतं.

"सुरुवातीपासून नाही," मी म्हटलं. "शेवटी, थोडा वेळ."

दोन रात्री मला झोप नीट लागली नाही.

शनिवारी मध्यंतरानंतर गोल एक-एक असताना आमची पोरं घाबरली. चेंडू पायाला लागला की जळत्या कोळशासारखा दूर भिरकावू लागली. प्रशिक्षकांनी त्याला मानेने खूण केली. त्याने जॅकेट काढून बाकावर टाकलं. पट्टी तोवर आमच्या गोलरक्षकाकडे होती. तो आडदांड माणूस गोल सोडून अर्धं मैदान धावत आला आणि त्याने ती याच्या दंडावर चढवली.

मग तो खेळला. फार नाही. पण आमचा खेळ खेळासारखा दिसू लागला. चेंडू जमिनीवर आला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. त्याने एकदा नुसता हात खाली दाबल्यासारखा केला, हळू, हळू, आणि गॅलरीसुद्धा खाली बसली. मी मात्र उभीच होते, नखं तळहातात रुतवून.

एका साध्या वळणावर त्याचा हात मांडीच्या मागे गेला. क्षणभर. कुणालाही दिसलं नसेल. त्याने चेंडू पुढे दिला, चार पावलं टाकली आणि माझ्याकडे पाहिलं.

तो असं झालं की लपवायचा. दात आवळून खेळत राहायचा, मी बाहेरून ओरडायची, तो ऐकू न आल्यासारखं करायचा, आणि तोवर मधल्या फळीत दरवाजाएवढी फट पडलेली असायची. त्या दिवशीही लपवता आलं असतं. वेळ थोडाच उरला होता, आणि शिट्टी वाजताना मैदानात असावं एवढंच तर त्याला हवं होतं.

तो गवतावर बसला आणि त्याने हात वर केला.

त्याच्या जागी ताज्या पायांचा खेळाडू गेला. पट्टी परत गोलरक्षकाकडे गेली. मी त्याला आधार देऊन गॅलरीखालच्या खोलीत नेलं, टेबलावर पालथं झोपवलं, बर्फ बांधला. मग आम्ही दोघं ऐकत राहिलो. बाहेरचं काही दिसत नव्हतं.

"कॉर्नर त्यांचा," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. डोक्यावरची गॅलरी गुरगुरली. "अडवला. आमच्या गोलरक्षकाने, मुठीने." पाय आपटल्याचे आवाज. "फेकला बाहेर. छान. वेळ खा, बाळांनो."

"तुला कसं कळतं?"

"अर्धं आयुष्य अशाच खोल्यांत गेलंय."

मग एक गलका उठला आणि मध्येच तुटला. टेबलाच्या कडेवरची त्याची बोटं पांढरी पडली होती. पिशवीतला बर्फ कडकडला, तोही मला मोठा वाटला. आणि मग सगळं छतच आमच्यावर कोसळल्यासारखं झालं.

"वाचले," तो म्हणाला. तोंड भिंतीकडे होतं. बराच वेळ त्याने ते इकडे वळवलं नाही, आणि मीही फ्रीजमध्ये काहीतरी शोधत राहिले.

मैदानाकडून येणाऱ्या बोगद्यातून बुटांचा खडखडाट येऊ लागला. तो ताडकन उठून बसला.

"डॉक, दार लाव! मला उचलणार ते."

"मग उचलू दे की."

"पाडतील!"

मी दारात आडवी उभी राहिले. समोर घामाने निथळणारे वीसेक पुरुष, सर्वांत पुढे गोलरक्षक. "कुणी उचलायचं नाही," मी बजावलं. "फाटलेला स्नायू आहे."

"आम्ही जपून उचलू," गोलरक्षक म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी मागे वळून पाहिलं. टेबलावरचा माणूस एकदा दाराकडे, एकदा आपल्या पायाकडे बघत होता. मग त्याने दोन्ही हात लहान मुलासारखे वर केले.

चौघांनी त्याला उचललं. पाचव्याने फक्त तो पाय धरला. विसर्जनाला मूर्ती बाहेर काढताना घरातली माणसं जशी एकमेकांवर खेकसतात, तसे ते खेकसत होते. हळू! उंबरठा आहे! डोकं सांभाळ! पाय, पाय! तो सगळ्यांच्या वर बसून घाबरून हसत होता. बाहेर ध्वनिक्षेपकावर अध्यक्षांचं भाषण सुरू झालं होतं.

दार आपोआप लागलं. मी टेबलापाशी उभी राहून ऐकू लागले. बोगदा संपला, आता ते उजेडात आले. गॅलरी उठली. आता अध्यक्षांच्या समोरून चाललेत, कारण भाषण गडबडलं. थांबले नाहीत. आता कोपऱ्यावरून वळले. आवाज भिंतीच्या पलीकडे गेला, रस्त्याकडे. मग ट्रामची घंटा वाजली, आणि त्यानंतर मला काही ओळखता आलं नाही.