चंदरला पहिले बोलावणे

ज्याचे नाव एकाही कागदावर सापडत नाही, पण घरातल्या प्रत्येक लग्नात ज्याला जेवायला बोलावले जाते, तो माणूस होऊन गेला असे धरायचे की नाही? मी जुनी दप्तरे वाचतो, म्हणून २०२२ च्या मार्चमध्ये थळच्या विनेशने हा प्रश्न मला विचारला.

विनेश तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता. जन्म कोळीवाड्यातला. वडील रघू आयुष्यभर होडीवर राहिले. विनेश मात्र कारखान्यात फिटर झाला. २०१८ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्याने घराण्याचा इतिहास शोधायला घेतला. पद्धत फिटरचीच : दर बुधवारी एकच काम, आणि ते पुरे झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. एक बुधवार जन्ममृत्यूच्या नोंदी पाहण्यात जाई, तर दुसरा चौलच्या भावकीकडे. पक्के कळलेले नाव तो वहीत शाईने लिही, ऐकीव नाव पेन्सिलीने. चार वर्षांत शाईची एक्केचाळीस नावे जमली. "जित्या भावाला वर्षातना एक फोन न्हाय," त्याची बायको सत्यवती म्हणे, "आनि मेलेल्यांच्या मागं एस्टीनं फिरतंय!"

ह्या खटाटोपामागे त्याची आत्या होती. नीराबाई, वय चौऱ्याऐंशी, लग्नानंतर आगरदांड्याला राहिलेल्या. लहानपणी एका मोठ्या मुलाने आपल्याला खांद्यावर बसवून किनाऱ्यावर नेले, त्याच्या ओल्या केसांना आपण घट्ट धरले होते, असे त्यांना आठवत असे. त्याला त्या 'दादा' म्हणत. नाव ठाऊक नव्हते. मात्र घरात विचारले की आई, येसूबाई, एवढेच म्हणे, "तुला सपान पडलंय." धाकटा भाऊ रघू तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा, त्याला काय आठवणार? पुढे सासरीही लोक हसले. एकुलत्या भावाच्या बहिणीला दुसरा भाऊ हवासा वाटतो, असे म्हणाले. "मरायच्या आधी येवढं सांग," त्या विनेशला म्हणाल्या होत्या, "दादा व्हता, का मी येडी?" वहीत त्या दादाची जागा पेन्सिलीने आखलेली, रिकामी होती.

आता बोलावण्याविषयी. ह्या घरात हळदीच्या दिवशी धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी गाणारी जाणती बाई, देवांना आवतण देते आणि त्यांच्यामागून घराण्यातल्या मृतांना एकेका नावाने जेवायला बोलावते. ही नामावली कुठे लिहिलेली नसते. ह्या घरच्या धवलारीण ठमाबाईंना ती त्यांच्या सासूकडून मिळाली होती. विनेशने २०१९ मध्येच ती त्यांच्याकडून उतरवून घेतली. पहिले नाव 'चंदर'. पहिले नाव म्हणजे सर्वांत जुने, असे त्याने गृहीत धरले आणि चंदरला वंशावळीच्या मुळाशी ठेवले. मग तीन वर्षे तो दीडशे वर्षांपूर्वीचा चंदर शोधत राहिला. असा चंदर कोणत्याही दप्तरात नव्हता. वर दिलेला प्रश्न ह्याच निराशेतून आलेला होता.

माझ्याकडून रित्या हातांनी परतल्यावर पुढच्या बुधवारी तो पुन्हा ठमाबाईंकडे गेला. त्या अंगणात सुकत घातलेले बोंबील वर-खाली करत होत्या.

"आये, चंदर कुनाचा बाप?"

"मना काय ठावं? मी बोलावते. जेवला का, ते इचारीत न्हाय."

"मग पयला का बोलावतंस?"

ठमाबाईंनी हात थांबवले. "आरं, कोल्याचा ना तू? का कारखान्यात जाऊन इसारलास? दर्यानं जो परत दिला न्हाय, त्याला पयलं बोलवायचं. त्याची वाट लांबची. बाकीचे मसनातना येतात, ते जवलच हायत."

"म्हंजे तो जुना न्हाय?"

"जुना कशाला? काल बुडाला तरी पयलाच."

नामावलीचा क्रम पिढ्यांचा नव्हता. तो अंतराचा होता. विनेशने गल्लत केली होती ती क्रमाला काळ समजण्याची, आणि ती करायला कोळ्याच्या घरी जन्मून कागदांच्या सवयीत वाढावे लागते. तो घरी आला आणि चंदरला मुळातून काढले. ठेवायचे कुठे? वहीत रिकामी जागा एकच होती.

चंदरला जुन्या काळचा समजल्यामुळे विनेशने एक दप्तर कधी उघडलेच नव्हते : गावच्या मराठी शाळेचे. एप्रिलमध्ये मुख्याध्यापिका सुचिताबाईंनी त्याच्यासाठी कपाट उघडले. जुन्या नोंदवहीत ओळ मिळाली : चंदर धर्माजी, दाखल १९३८, इयत्ता चौथीतून नाव कमी, ता. १२ नोव्हेंबर १९४३, कारण 'मयत'. धर्माजी हे विनेशचे आजोबा, नीराबाईंचे वडील. प्रेत न मिळाल्यामुळे मृत्यूच्या सरकारी नोंदीत तो आला नसावा. हळदीचे बोलावणे सोडता येसूबाईंनी ते नाव घरात का उच्चारू दिले नाही, हे कोणत्याच कागदात नाही. आणि त्याचा अंदाज करायला कागद लागतही नाही.

त्या ओळीचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन विनेश आगरदांड्याला गेला. जेट्टीजवळच्या घराच्या ओटीवर नीराबाईंनी मोबाइल हातात धरला. त्यांना वाचता येत नव्हते.

"उंच व्हता का, लिवलंय?"

"ते लिवत न्हाईत, आते."

"मंग काय लिवलंय?"

"नाव. बापाचं नाव. चवथीत होता."

"चवथी! शिकलेला व्हता म्हन." मग पुन्हा, "नाव काय बोललास?"

"चंदर."

"हलदीला पयला बोलवतात, तोच? ते मी जलमभर ऐकलंय रं." त्यांनी पदराने आधी मोबाइलची काच पुसली, मग डोळे. विनेशने आपली चूक सांगितल्यावर मात्र त्यांना हसू आवरेना. "चवथीतल्या पोराच्या डोक्यावर समदं खानदान ठेवलंस व्हय, मेल्या! बरा बुडाला न्हाय दुसऱ्यांदा."

त्याच ओटीवर विनेशने चंदरचे नाव नीराबाईंच्या आधी, धर्माजी-येसूबाईंच्या खाली, शाईने लिहिले. बेचाळिसावे.

१७ फेब्रुवारी २०२४ रोजी थळ येथे विनेशची मुलगी प्राची हिची हळद झाली. ठमाबाईंनी मृतांमध्ये पहिले बोलावणे चंदरला केले. त्या वेळी नीराबाई मांडवात होत्या.