बोरांशिवाय बोरन्हाण

आधी खाला. त्या नसत्या तर मी आज नोकरीवर नसते. इकडे उत्तरेत, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत एका घराच्या तळमजल्यावर आमची बालवाडी भरते. खाला, म्हणजे मावशी, तिथल्या जुन्या आया, शहरातल्या निशातगंज भागातून येतात. मला त्यांनीच चिकटवलं. "लड़की घबराती बहुत है, मगर हाथ नरम है," असं त्यांनी बालवाडी चालवणाऱ्या मॅडमना सांगितलं होतं. मी नववीत शाळा सोडलेली. कुठल्याही शाळेच्या दारात अजून छातीत धडधडतं, मग ती बालवाडी का असेना.

जानेवारीत थंडीची सुट्टी संपली, पण धुकं काही संपेना. सकाळी समोरचं फाटक दिसायचं नाही. मुलं कानटोप्या, स्वेटर, हातमोजे घालून गाठोड्यांसारखी यायची आणि ठेवली तिथे बसून राहायची. एक मुलगी खिडकीकडे बघून नुसती मुसमुसायची. एकजण हातमोजे काढूच देईना, म्हणून त्याला पराठा मी भरवायची. खेळण्यांवरून भांडणंसुद्धा नाहीत. एक रडलं की सगळी रडायची, मग मलाही भरून यायचं. मॅडम दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "बच्चे आपसे बहल नहीं रहे. शनिवार तक देखते हैं."

शनिवारनंतर नोकरी राहील की जाईल, ही धास्ती घरी मी यांच्यापासून लपवली. पोळ्या तेवढ्या करपवल्या.

आमच्या साताऱ्याकडे संक्रांत झाली की लहान मुलांना बोरन्हाण घालतात. पाटावर बसवून डोक्यावरून चुरमुरे, बोरं, हलवा ओतायचा, म्हणजे बदलती हवा पोराला बाधत नाही. म्हटलं, तेवढीच हसतील. शुक्रवारी लाई, म्हणजे आपले चुरमुरे, बोरं आणि रेवड्या घेऊन गेले. खालांनी पिशवीत हात घालून बोरं आणि रेवड्या वेगळ्या काढल्या.

"गुठली गले में अटक गई तो? ये हम-तुम खाएँगे."

"पर खाला, बेर के बिना ये होता ही नहीं."

"होगा कैसे नहीं. नाम कुछ और रख लेना."

आणि नेमकं त्याच दिवशी, डबे खाऊन होताहेत तोवर, धुकं फाटलं. अंगणात पिवळंधमक ऊन पडलं. मुलं आधी दारातच थबकली, जणू कुणी पाहुणा आलाय. मग जी सुटली! कानटोप्या उडाल्या. एकजण स्वतःच्या सावलीवर उड्या मारत सुटला. ती काही पायाखालून जाईना, म्हणून हसून हसून त्याला उचकी लागली. दोघी भिंतीला गाल लावून "गरम है, गरम है" म्हणून किंचाळत होत्या. दोघांनी विनाकारण एकमेकांना ढकललं आणि दोघंही खूश.

माझा बेत असा, की सगळ्यात धाकट्याला पाटावर बसवायचं आणि बाकीच्यांनी भोवती थांबायचं. आमच्याकडे थांबतात. इथे सगळी पाटावरच चढली. पाट दिसेनासा झाला, नुसती डोकी. मी ओतायला गेले तर पिशवीच फाटली. हातमोजेवाल्याने आपण होऊन हातमोजा काढला, त्यात लाई भरली आणि त्यातूनच खायला लागला. मुसमुसणारी माझ्या पाठीवर चढून माझ्याच डोक्यावर मुठी रिकाम्या करत होती. मीही वेड्यासारखी हसत होते. शनिवार पार विसरले.

"ये हो क्या रहा है?" दारात मॅडम.

माझी हिंदी पार आटली. "बोरन्हाण," एवढंच निघालं.

खाला गुडघ्यांवर हात टेकत त्या लाईतच बसल्या, डोकं पुढे केलं. "इनके यहाँ का रिवाज है. मौसम का टीका लग रहा है, मैडम. आप भी लगवा लीजिए."

उचकीवाला ती लस मुठीत भरून मॅडमपुढे जाऊन उभा राहिला. त्या वाकल्या. त्याने मूठ ओतली आणि वर उचकी दिली. मग मॅडमनाही हसू आवरेना.

केसांतली लाई वेचत त्या मला म्हणाल्या, "सोमवार को पहले आँगन धुलवाइएगा, फिर बच्चों को बाहर लाइएगा."

मी फक्त "सोमवार" ऐकलं.

मॅडम वर गेल्यावर खालांना उठवायला मी आणि चार पोरं लागलो. धुक्यात त्यांचे गुडघे फार धरतात, तरी त्या माझ्यासाठी जमिनीवर बसल्या. खाला, माझा जरा जम बसू दे. एका जानेवारीत तुम्हाला साताऱ्याला नेणार, आमच्या ओट्यावर बसवणार. तिथे ऊन रोज सकाळी आपलं आपण येतं. तिकीट, जेवणखाण, गुडघ्यांना तेल, सगळं माझ्याकडे.