गच्चीवरच्या टाकीतले पाणी

अमिरातीत वसंत सुरू झाला, हे नेमके कशावरून ओळखावे? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अल कुसैसमध्ये शिकवत असताना हा प्रश्न मी नववीच्या वर्गाला विचारला होता. मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, इकडे दोनच सीझन. एसी ऑन, एसी ऑफ." वर्ग हसला, मीही हसलो. उत्तर मात्र अपुरे होते.

आमच्या घरी याचा निर्णय पत्नी करीत असे. इमारतीची टाकी गच्चीवर, उघड्या उन्हात. हिवाळ्यात नळाला गार पाणी येते, म्हणून गीझर लागतो. उन्हाळ्यात तेच पाणी हात भाजेल इतके तापते. तेव्हा गीझर बंद ठेवून त्याच्या पोटात निवलेले पाणी अंघोळीला घ्यायचे, ही इथली घरोघरची रीत. या दोहोंच्या मधे एक सकाळ येते. पत्नी नळाखाली हात धरी आणि सांगे, "अहो, गीझर बंद केला." आमचा वसंत तो.

त्या वर्षी दिवाळीनंतर ती सांगलीला गेली. सासूबाई घसरून पडल्या होत्या आणि त्यांच्याजवळ दुसरे कोणी नव्हते. पाणी कोमट व्हायच्या आत परत येते, असे निघताना म्हणाली.

तो हिवाळा मला जड गेला. पाऊस झाला, इमारतीसमोर तळे साचले, फरशी इतकी गार की घरातही मोजे घालून वावरलो. एका माणसाचा भात कुकरमध्ये नीट होत नाही, हे तेव्हा कळले. शुक्रवारची सुट्टी नकोशी वाटे.

मग एका सकाळी तोंड धुताना पाणी कोमट लागले. चुकून गरम पाण्याचा नळ सोडला असेल म्हणून पाहिले; नळ बरोबर होता. खिडकीबाहेरच्या कडुनिंबाला तांबूस पालवी फुटली होती. ती कधी फुटली, मला सांगता आले नसते.

मी पत्नीला फोन लावला. सासूबाई भिंत धरून चालतात, पण एकट्या उठू शकत नाहीत, असे कळले. मग मी पाण्याचे सांगितले.

"यंदा गीझर तुम्हीच बंद करा," ती म्हणाली. "आणि पहिलं पाणी सोडून द्या. ते नळीतलं असतं, घरातल्या उबेचं. त्यावर फसू नका."

मी नळ वाहू दिला. टाकीतले पाणी गार निघावे, असे मनापासून वाटत होते. ते कोमटच निघाले. गीझरचे बटण बंद केले, लाल दिवा विझला. तसे सांगायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

माझे निरीक्षण एकाच घरातले आहे. आपल्याही इमारतीची टाकी गच्चीवर असेल, तर थंडी सरताना एखाद्या पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, पहिले पाणी सोडून नळाखाली हात धरावा आणि हे खरे की नाही ते स्वतः तपासून पाहावे.